लाकडातली चुणी खरी कधी वाटते?

कोल्हापुरात गंगावेस, शाहूपुरीच्या कुंभार गल्ल्यांत गणपतीच्या पितांबराची एखादी चुणी मनासारखी बसली नाही, तर कारागीर ओल्या शाडूचा हात देऊन ती पुन्हा उठवतो. लाकडात ही सोय नाही. पटाशीने उडालेली ढलपी परत चिकटत नाही. चुणी कुठून निघणार, कुठे विरणार, हे आधीच ठरलेले लागते आणि त्यासाठी आधी कापडाचा स्वभाव कळावा लागतो.

कापड सहज वाकते, पण सहज ताणले जात नाही. गाउस या जर्मन गणितज्ञाने 1827 मध्ये मांडलेल्या प्रमेयातून असे निघते, की सपाट पृष्ठभाग ताणला-आकसला नाही, तर त्याला एका जागी एकाच दिशेने बाक येऊ शकतो. खांदा, गुडघा, पोट मात्र दोन्ही दिशांनी गोल असतात. मग उरलेले कापड चुणीत जमा होते. म्हणून प्रत्येक चुणीला कारण असते, आणि लाकडी मूर्तीत नुसत्या सजावटीसाठी ओढलेली चुणी चटकन खोटी दिसते. विणीमुळे कापडाला थोडी मोकळीक मिळते, तीही बघण्यासारखी आहे. रुमाल उभ्या किंवा आडव्या धाग्याने ओढा, फारसा हलत नाही. कोपऱ्याकडून कोपऱ्याकडे तिरपा ओढला की विणीचे चौकोन कलतात आणि तो लांबतो.

नऊवारी नेसलेली बाई कोरायची असेल, तर चुण्यांचे बहुतेक प्रकार एकाच मूर्तीत भेटतात. कमरेशी खोचलेल्या निऱ्या वजनाने सरळ खाली येत फाकतात. काष्टा मागे ओढलेला, म्हणून तिथल्या चुण्या ताणाच्या रेषेत धावतात. दोन आधारांमध्ये सैल सोडलेल्या पदराला झोळ पडतो. तिच्या शेजारी सदरा घातलेला पुरुष असेल, तर दुमडलेल्या कोपराच्या आतल्या बाजूला बाहीवर शंकरपाळ्यासारखे चौकोन उमटतात. पातळ नळी टोकांकडून दाबली की ती अशाच नक्षीत चेमटते. अभियांत्रिकीत या नक्षीला जपानी संशोधक योशिमुरा यांचे नाव आहे.

चुण्या किती, हे कापडाची जाडी सांगते. अखंड पत्र्याची जाडी दुप्पट केली तर तो वाकवायला आठपट कठीण होतो. कापडात धागे एकमेकांवरून सरकतात, म्हणून फरक इतका मोठा नसतो, पण कल तोच. धनगराच्या घोंगड्याला मोजक्या, रुंद चुण्या पडतात. मलमलीला बारीक आणि पुष्कळ. घोंगड्यावर मलमलीच्या चुण्या कोरल्या तर कितीही सफाई असली तरी बघणाऱ्याचा विश्वास बसत नाही.

आता लाकडाची बाजू. लाकूड म्हणजे उभ्या तंतूंची मोळी. तंतूंच्या दिशेने ते आडव्या दिशेपेक्षा कित्येक पट मजबूत असते. त्यामुळे निऱ्यांची पातळ कड रेषेच्या, म्हणजे तंतूंच्या, बाजूने ठेवली तर टिकते. वाऱ्यावर आडवा उडणारा पदर त्याच ओंडक्यातून काढला तर मुळाशीच तुटण्याची भीती. तो वेगळ्या तुकड्यातून कोरून जोडणे मला शहाणपणाचे वाटते. शिवाय ओले सागवान पूर्ण वाळताना वर्षवलयांच्या दिशेने सुमारे 5.8 टक्के आकसते, गाभ्यापासून सालीकडे सुमारे 2.5 टक्के. या तफावतीमुळे अखंड ओंडका तडकतो. जर्मनीत 1500 च्या आसपास टिलमन रीमेनश्नायडरसारखे शिल्पकार लिंडनच्या लाकडात खोल, सळसळत्या चुण्या कोरत आणि मूर्ती पाठीकडून पोखरून ठेवत. गाभा गेला की तड जाण्याचा धोका बराच कमी होतो.

रेषेला तिरपी जाणारी चुणी कोरताना हत्यार नेहमी उंचवट्याकडून खळग्याकडे चालवायचे. खळग्याच्या तळाशी थांबून दुसऱ्या बाजूने तसेच खाली यायचे. त्याच दमात पटाशी वर नेली, तर धार तंतूंच्या टोकांखाली शिरते आणि लाकूड उपसून निघते.