जुन्या लॅपटॉपवर ऑपरेटिंग सिस्टिम पुन्हा टाकताना काम अडले तर
ग्राहकांसाठी माहितीपत्रक

लॅपटॉप संथ झाला किंवा सुरूच होईना, की अनेक ग्राहक स्वतः पेनड्राइव्ह तयार करून ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने टाकून पाहतात. त्यात गैर काहीच नाही. मात्र ते काम अर्ध्यावर अडल्यानंतर तेच इन्स्टॉलेशन पुन्हा पुन्हा चालवत राहू नये. ज्या यंत्रातील हार्ड डिस्कच निकामी होत आली आहे, त्यात प्रत्येक नव्या प्रयत्नाबरोबर आपल्या जुन्या फाइली परत मिळण्याची शक्यता घटत जाते. म्हणून पहिल्या अपयशानंतरच थांबावे, पडद्यावरील संदेशाचा मोबाइलवर फोटो काढावा आणि काम नेमके कोणत्या टप्प्यावर अडले ते लक्षात ठेवावे, ही आमची आग्रहाची विनंती आहे. बहुतेक वेळा बिघाड कुठे आहे हे तो टप्पाच सांगतो.

आधी फाइली

बॅकअप घेतलेला नसेल आणि डिस्क अजून पुसली गेली नसेल, तर सर्वांत आधी फाइली बाहेर काढाव्यात. विंडोज सुरू होत नसले तरी हे शक्य असते. लिनक्स मिंटसारखी प्रणाली पेनड्राइव्हवरूनच चालवता येते, आणि ती चालवताना ‘इन्स्टॉल’ न निवडल्यास आतील डिस्कवर काहीही लिहिले जात नाही. तेथून फोटो व कागदपत्रे बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेता येतात. डिस्क बिटलॉकरने (विंडोजमधील डिस्क सुरक्षित ठेवण्याच्या सोयीने) कुलूपबंद असेल, तर ४८ अंकी रिकव्हरी की लागते. ती बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. ही की हाताशी नसताना बायोसमधील (लॅपटॉप सुरू होताच आधी चालणाऱ्या मूळ प्रणालीतील) सेटिंग बदलू नये, कारण त्या बदलानंतर लॅपटॉप हीच की मागू शकतो.

पेनड्राइव्हवरून सुरुवातच होत नाही

अशा वेळी दोष बहुधा लॅपटॉपचा नसून पेनड्राइव्हचा असतो. इन्स्टॉलेशनची फाइल डाउनलोड होताना अपुरी उतरली असेल किंवा पेनड्राइव्हवर तिची नुसती नक्कल केली असेल, तर लॅपटॉप तिला ओळखत नाही. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचे मीडिया क्रिएशन टूल किंवा रुफस यांसारखे साधनच वापरावे. हाताने नक्कल करण्यात आणखी एक अडचण आहे. बरेच जुने लॅपटॉप युईएफआय पद्धतीत (लॅपटॉप सुरू करण्याच्या, बायोसनंतर आलेल्या नव्या पद्धतीत) केवळ फॅट३२ प्रकारे फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह वाचतात, आणि त्या प्रकारात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. विंडोजची मुख्य फाइल अनेकदा त्याहून मोठी असते.

विंडोज ७ टाकताना सीडी किंवा डीव्हीडीचा ड्रायव्हर सापडत नाही, असा गोंधळात टाकणारा संदेश येऊ शकतो. त्या इन्स्टॉलरमध्ये यूएसबी ३ चा ड्रायव्हर नसल्यामुळे असे होते. पेनड्राइव्ह निळ्या पोर्टमधून काढून काळ्या, म्हणजे यूएसबी २ च्या पोर्टमध्ये लावून पाहावा.

डिस्क दिसते, पण सेटअप ती स्वीकारत नाही

डिस्क एमबीआर प्रकारची (विभागांची नोंद ठेवण्याच्या जुन्या रचनेची) असल्यामुळे तिच्यावर विंडोज टाकता येत नाही, असा संदेश जुन्या लॅपटॉपवर सर्वांत अधिक दिसतो. त्याने घाबरून जाण्याचे कारण नाही, कारण त्यात डिस्क बिघडलेली नसते. जुन्या बायोस पद्धतीला एमबीआर रचनेची डिस्क चालते, तर युईएफआय पद्धतीत विंडोजला जीपीटी ही नवी रचना लागते. पेनड्राइव्ह एका पद्धतीने सुरू झाला आणि डिस्क दुसऱ्या रचनेची निघाली, इतकाच हा बेबनाव असतो. लॅपटॉप सुरू करताना बूट मेनू उघडून (कंपनीनुसार तो एफ १२, एफ ९ किंवा एस्केप या कळीने उघडतो) यादी नीट वाचावी. त्यात पुष्कळदा एकच पेनड्राइव्ह दोन ओळींत दिसतो, एकदा नावाआधी युईएफआय असे लिहून आणि एकदा नुसत्या नावाने. दुसरी ओळ निवडून सेटअप सुरू केल्यास तोच संदेश पुन्हा येत नाही. पेनड्राइव्ह केवळ युईएफआयसाठी बनवला असल्यास मात्र तो नव्याने तयार करावा लागतो.

डिस्क जीपीटीमध्ये बदलण्याचे उपाय इंटरनेटवर जागोजागी दिलेले असतात. त्यातला नेहमीचा उपाय म्हणजे शिफ्ट आणि एफ १० दाबून उघडणाऱ्या काळ्या खिडकीत ‘डिस्कपार्ट’ चालवून ‘क्लीन’ ही आज्ञा देणे. या आज्ञेने निवडलेल्या डिस्कवरील सगळे विभाग एका क्षणात जातात, आणि आज्ञा देताना ‘खात्री आहे का’ असेही कोणी विचारत नाही. डिस्कपार्टच्या यादीत आतली डिस्क, पेनड्राइव्ह आणि आपण लावून ठेवलेली बॅकअपची डिस्क या तिन्ही केवळ ०, १, २ अशा क्रमांकांनी दिसतात, त्यामुळे आकारावरूनच कोणती कुठली हे ओळखावे लागते. म्हणून हे काम हाती घेण्यापूर्वी बॅकअपची डिस्क लॅपटॉपमधून काढून बाजूला ठेवावी.

सेटअपच्या यादीत डिस्क अजिबात दिसत नसेल, तर बायोसमध्ये ती दिसते का ते पाहावे. तिथे दिसत असेल, तर साटाचे (डिस्कच्या जोडणीचे) सेटिंग रेडवर (अनेक डिस्क एकत्र चालवण्याच्या पद्धतीवर) गेलेले असण्याची शक्यता असते. मदरबोर्डवरचा छोटा सेल, बहुधा सीआर२०३२, संपला की बायोस मूळ सेटिंगवर परत जाते, आणि तारीखही काही वर्षे मागे गेलेली दिसते. तारीख चुकलेली असेल तर पुढे अॅक्टिव्हेशन आणि सुरक्षित संकेतस्थळेही अडतात, म्हणून सेल आधी बदलून घ्यावा.

फाइली उतरताना मध्येच थांबते

हा टप्पा आम्ही सर्वांत गंभीर मानतो. टक्केवारी एकाच आकड्यावर बराच वेळ अडकून राहते, किंवा आवश्यक फाइली खराब असल्याचे सांगणारा, शेवटी ८००७०५७० असे आकडे असलेला संदेश येतो. दुसऱ्या पेनड्राइव्हवर नव्याने तयार केलेले इन्स्टॉलेशनही तसेच अडले, तर रॅम किंवा डिस्क यांपैकी एकात दोष आहे असे धरून चालावे.

रॅमसाठी मेमटेस्ट८६+ ही चाचणी निदान एक पूर्ण फेरी होईपर्यंत चालू द्यावी. तिच्यात एकही चूक दिसली, तरी त्या यंत्रावर ऑपरेटिंग सिस्टिम टाकू नये. दोन पट्ट्या असतील, तर चार्जर व बॅटरी काढून एका वेळी एकच पट्टी लावून चाचणी घेतल्यास खराब पट्टी सापडते. डिस्कच्या बाबतीत तिच्या स्मार्ट नोंदी (डिस्क स्वतःच्या प्रकृतीविषयी ठेवते त्या नोंदी) पाहाव्यात. ‘रीअॅलोकेटेड सेक्टर’ आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर’ या दोन ओळींतील मूळ आकडा शून्याहून अधिक असून तो वाढत असेल, तर डिस्क बदलणे हाच उपाय आहे. डिस्कमधून ठरावीक अंतराने टकटक असा आवाज येत असेल, तर तपासणीसुद्धा करू नये; लॅपटॉप लगेच बंद करावा. फॉरमॅट मारून अशी डिस्क बरी होत नाही.

लॅपटॉप एकदम बंदच पडत असेल, तर पंख्यात साठलेली धूळ पाहावी आणि काम नेहमी चार्जर लावूनच करावे.

सगळे पूर्ण होते, पण पुन्हा पहिल्याच पानावर येते

पहिल्या रीस्टार्टनंतरही लॅपटॉप पेनड्राइव्हवरूनच सुरू होत असतो. रीस्टार्ट होताना पेनड्राइव्ह काढून घ्यावा.

कोणती आवृत्ती टाकावी

विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, तर विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. ही तपासणी चुकवून विंडोज ११ टाकण्याच्या युक्त्या प्रचलित आहेत, पण तिची ‘२४एच२’ ही आवृत्ती कोअर टू ड्युओसारख्या जुन्या प्रोसेसरवर कोणत्याही युक्तीने सुरू होत नाही, कारण तिला लागणाऱ्या सूचनाच त्या प्रोसेसरमध्ये नाहीत. अशा यंत्रावर हलकी लिनक्स प्रणाली टाकावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. विंडोज ८ पासून पुढच्या लॅपटॉपमध्ये परवान्याची की सहसा मदरबोर्डमध्येच असते. विंडोज ७ ची मात्र तळाच्या किंवा बॅटरीखालच्या स्टिकरवर असते, आणि तो स्टिकर झिजण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवावा.

लॅपटॉप आमच्याकडे देताना

सोबत मूळ चार्जर, वापरलेला पेनड्राइव्ह आणि संदेशाचा फोटो द्यावा. बायोसला पासवर्ड असल्यास तो सांगावा. डिस्कवरील कोणत्या फाइली आपल्याला हव्याच आहेत, हे त्या कोणत्या फोल्डरमध्ये होत्या त्यासह कागदावर लिहून द्यावे. त्या मिळाल्याची आपण खात्री करून लेखी होकार देईपर्यंत आम्ही डिस्कवर काहीही लिहीत नाही.