नाव सापडलं नाही, म्हणजे नेमकं काय झालं?

४ ऑक्टोबर २०२१. भारतात रात्रीचे नऊ वाजून गेले होते आणि व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्राम एकदमच गप्प झाले. लोक वायफाय बंद-चालू करत बसले. फेसबुकचे डीएनएस सर्व्हर, म्हणजे नावावरून पत्ता सांगणारी यंत्रं, त्या वेळी सुरूच होती. पण त्यांच्यापर्यंत जाणारे रस्ते इंटरनेटच्या नकाशावरून पुसले गेले होते. सेवा पूर्ववत व्हायला सहा तासांहून अधिक वेळ लागला.

त्या रात्री डीएनएसकडून येणारं उत्तर होतं 'सर्व्हफेल'. त्याचा अर्थ, आत्ता सांगता येत नाही. 'एनएक्सडोमेन' हे उत्तर वेगळं. त्याचा अर्थ, या नावाचं कोणी नाहीच. टपालाच्या पाकिटावर 'घर बंद' आणि 'या नावाचे कोणी राहत नाही' असे दोन शेरे येतात, तसाच हा फरक.

कित्येक प्रोग्राम मात्र हे दोन्ही शेरे एकाच 'कनेक्शन अयशस्वी'मध्ये कोंबतात आणि लगेच पुन्हा विचारायला लागतात. त्या रात्री हेच झालं. ॲप थांबेनात, माणसंही थांबेनात. क्लाउडफ्लेअर या इंटरनेट-सेवा कंपनीच्या डीएनएस सेवेवर या नावांची विचारणा नेहमीच्या तीसपट झाली.

खरं तर, पत्ता शोधून देणारं 'गेटॲड्रइन्फो' हे फंक्शन हा फरक स्वतःच सांगतं. 'ईएआय नोनेम', म्हणजे 'असं नाव नाहीच', आलं तर तेच नाव पुन्हा पुन्हा विचारण्यात हशील नाही. वापरणाऱ्याला सरळ सांगावं. 'ईएआय अगेन', म्हणजे 'आत्ता सांगता येत नाही, नंतर विचारा', आलं तर एक सेकंद थांबावं, मग दोन, मग चार, आणि दर वेळी त्यात थोडा यादृच्छिक वेळ मिसळावा. नाहीतर हजारो फोन एकाच क्षणी दार ठोठावतात. शिवाय हे फंक्शन उत्तर येईपर्यंत अडून बसतं. लिनक्सवर सहसा पाच-पाच सेकंदांचे दोन प्रयत्न होतात, आणि तेवढा वेळ स्क्रीन गोठली तर माणूस ॲप बंदच करतो.

'नाही' हे उत्तरही काही काळ साठवलं जातं. १९९८ पासून त्याचे नियम ठरलेले आहेत. म्हणून नवं डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, सुरू करण्याआधीच कोणी ते शोधून पाहिलं असेल, तर सुरू झाल्यावरही थोडा वेळ ते त्याला सापडत नाही.

आणि चूक कळवणाऱ्या संदेशात ते नाव अवतरणचिन्हांत छापाच. सेटिंगच्या फाइलमध्ये नावाच्या शेवटी चिकटलेली रिकामी जागा एरवी डोळ्यांना दिसतच नाही.