फवारणी करणाऱ्या कामगारांची रक्त व लघवी तपासणी : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

कीटकनाशकाचे द्रावण कालवणाऱ्या, फवारणी करणाऱ्या किंवा नुकत्याच फवारलेल्या पिकात तोडणी करणाऱ्या कामगाराच्या अंगात औषध किती गेले, हे बाहेरून पाहून कळत नाही. शेतकामात ते मुख्यतः त्वचेवाटे शिरते, आणि त्रास जाणवण्याआधीच रक्तात व लघवीत त्याच्या खुणा उमटू लागतात. या खुणांना जैविक निर्देशक म्हणतात. आमच्याकडे त्यांची तपासणी करून घेण्यापूर्वी तिचा उपयोग आणि तिच्या मर्यादा आपल्याला ठाऊक असाव्यात, यासाठी हे पत्रक आहे.

ऑर्गॅनोफॉस्फेट व कार्बामेट या गटांतील कीटकनाशके अ‍ॅसिटिलकोलिनेस्टेरेज हे एन्झाइम निकामी करतात. मज्जातंतूंचा संदेश पोहोचवून झाल्यावर अ‍ॅसिटिलकोलिन हे रसायन तोडून टाकणे, हे या एन्झाइमचे काम आहे. ते थांबले की स्नायू आणि ग्रंथी सतत उत्तेजित राहतात. मज्जातंतूंमधले एन्झाइम मोजता येत नाही, परंतु तेच एन्झाइम रक्तातील तांबड्या पेशींवरही असते आणि त्याच्याच जवळचे ब्युटिरिलकोलिनेस्टेरेज रक्तद्रवात असते, म्हणून आम्ही दोन्ही मोजतो. रक्तद्रवातील एन्झाइम यकृतात तयार होत असल्यामुळे यकृताच्या विकारात, गरोदरपणात किंवा आनुवंशिक कारणानेही ते कमी आढळते. तांबड्या पेशींचा आकडा त्यामानाने अधिक भरवशाचा असतो.

आमची सर्वांत आग्रहाची विनंती अशी, की पहिला नमुना फवारणीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी द्यावा. या एन्झाइमची पातळी माणसागणिक बरीच वेगळी असते, त्यामुळे ज्याची मूळ पातळीच उंच आहे अशा कामगाराची पातळी एक तृतीयांशाने घसरली, तरी अहवालातील आकडा ‘सामान्य’ मर्यादेतच दिसू शकतो. ही घसरण केवळ त्याच्या स्वतःच्या आधीच्या आकड्याशी ताडूनच उघड होते. त्यासाठी या औषधांशी किमान 30 दिवस संपर्क नसताना, काही दिवसांच्या अंतराने दोन नमुने घेऊन त्यांची सरासरी मूळ पातळी मानावी, आणि पुढील सर्व तपासण्या त्याच प्रयोगशाळेत, त्याच पद्धतीने कराव्यात. मग ती प्रयोगशाळा आमची नसली तरी चालेल.

किती घसरण गंभीर मानावी, याबाबत कॅलिफोर्निया राज्याचे नियम उपयुक्त आहेत. पातळी मूळच्या 80 टक्क्यांखाली गेल्यास कामाची पद्धत व संरक्षक साधने तपासावी लागतात. तांबड्या पेशींतील पातळी 70 टक्के किंवा त्याहून कमी, अथवा रक्तद्रवातील पातळी 60 टक्के किंवा त्याहून कमी झाल्यास कामगाराला त्या औषधांपासून दूर ठेवावे लागते. तांबड्या पेशी सुमारे 120 दिवस जगतात आणि पातळी भरून येण्यासाठी नव्या पेशींची वाट पाहावी लागते, म्हणून ही सुटी काही आठवड्यांची असू शकते, हे मालकांनी आधीच गृहीत धरावे. कार्बामेटचा परिणाम मात्र काही तासांतच ओसरतो, अगदी नळीत काढलेल्या रक्तातही. त्यामुळे त्यासाठीचा रक्ताचा नमुना कामाच्याच दिवशी घेऊन थंड ठेवावा लागतो.

पायरेथ्रॉईड गटातील कीटकनाशकांसाठी कोलिनेस्टेरेजची (म्हणजे वरील दोन एन्झाइमांची) तपासणी कामाची नाही. त्यांचे विघटन होऊन बनणारे 3-फिनॉक्सीबेंझोइक आम्ल लघवीत शोधावे लागते, आणि क्लोरपायरिफॉस या ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकापासून बनणारे ट्रायक्लोरोपिरिडिनॉलही तसेच. ही द्रव्ये थोड्याच दिवसांत शरीराबाहेर पडत असल्याने काम संपल्यापासून एक-दोन दिवसांत नमुना द्यावा. ती द्रव्ये अन्नावाटेही थोड्या प्रमाणात शरीरात येतात, म्हणून ती केवळ आढळली एवढ्यावरून कोणाला विषबाधा झाली असे आम्ही लिहीत नाही. नमुना देण्यापूर्वी कपडे बदलून हात साबणाने स्वच्छ धुवावेत, नाहीतर हातावरचे औषधच नमुन्यात मिसळते.

डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे, लाळ व घाम सुटणे, उलट्या, स्नायू फडफडणे किंवा श्वासाला त्रास, यांपैकी काहीही दिसल्यास आमच्या अहवालासाठी थांबू नये. कामगाराचे कपडे काढून अंग साबण-पाण्याने धुवावे, आणि औषधाच्या डब्यावरील लेबल सोबत घेऊन त्याला तातडीने रुग्णालयात न्यावे.