कोकणचा पहिला मुख्यमंत्री कोण?

निवडणुका जवळ आल्या की एसटी स्टँडवर हमखास ऐकू येतं, "नारायण राणे म्हणजे कोकणातले पहिले मुख्यमंत्री." दादांचे, म्हणजे राणेंचे, चाहते तर छातीठोक सांगतात. पण ते खरं नाही.

1963 मध्ये काही दिवस हंगामी मुख्यमंत्री राहिलेले कोकणातलेच बाळासाहेब सावंत सोडले, तर पहिला मान बॅ. ए. आर. अंतुले यांचा. रायगडातल्या आंबेतचे अंतुले जून 1980 ते जानेवारी 1982 या काळात मुख्यमंत्री होते. रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा 1 मे 1981 रोजी वेगळा झाला, तोही त्यांच्याच कारकिर्दीत! सिंधुदुर्गकरांनीच हे विसरावं, याची गंमत वाटते. त्यानंतर 1995 मध्ये आले मनोहर जोशी. निवडून दादरमधून, पण जन्मगाव रायगडातलं नांदवी. नारायण राणे त्यांच्यानंतर, फेब्रुवारी ते ऑक्टोबर 1999. तेही जेमतेम साडेआठ महिने.

"राणे विधानसभेला कधी पडलेच नाहीत," हीसुद्धा लोणकढी थाप. 1990 पासून मालवणातून सलग चार वेळा विजय, 2005 मध्ये शिवसेना सोडून काँग्रेसतर्फे पोटनिवडणुकीत पाचवा. पुनर्रचनेत मालवण मतदारसंघच गेला, म्हणून 2009 ला कुडाळ. तिथेच 2014 ला वैभव नाईकांनी हरवलं आणि पुढच्याच वर्षी वांद्रे पूर्वच्या पोटनिवडणुकीतही हार झाली.