भांग व गांजा : मज्जासंस्थेवरील परिणाम

कॅनाबिस वनस्पतीच्या पानांची भांग, मादी झाडाच्या फुलोऱ्याचा गांजा आणि राळेचा चरस होतो. तिन्हींत नशा आणणारे मुख्य द्रव्य एकच : टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल (टीएचसी). गाओनी व मेशूलम या रसायनशास्त्रज्ञांनी इझ्राएलमध्ये १९६४ साली ते शुद्ध रूपात वेगळे केले.

अथर्ववेदातील वनस्पतींच्या यादीत ‘भंग’ येतो. तीच आजची भांग, असे जुने लेखक धरून चालतात. मात्र तेथे नशेचा उल्लेख नाही. संस्कृत वैद्यकात मादक भांग बहुधा अकराव्या-बाराव्या शतकापासूनच निःसंदिग्धपणे दिसते, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

मेंदूतील सीबी-१ हे ग्राही (ज्यांना टीएचसीसारखे द्रव्य चिकटते ती पेशीवरील प्रथिने) मुख्यतः संदेश पाठवणाऱ्या मज्जापेशीच्या टोकावर असतात. संदेश घेणारी पेशी गरजेपुरते आनंदमाइड (शोध १९९२) किंवा २-एजी हे शरीराचे स्वतःचे द्रव्य तयार करते. ते उलट दिशेने जाऊन या ग्राहींना चिकटते; टोकात शिरणारे कॅल्शियम घटते आणि संदेशद्रव्याचा स्राव मंदावतो. हे नियमन पेशींच्या एकेका जोडापुरते व क्षणिक असते. टीएचसी मात्र सर्वत्र एकदमच आणि तासन्‌तास चिकटते. हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी संबंधित भागावरील परिणामामुळे बोलता बोलता वाक्याची सुरुवातच आठवेनाशी होते. लहान मेंदू व बेसल गँगलिया (हालचालींचे नियमन करणारे मेंदूच्या खोलातील पेशीसमूह) यांवरील परिणामामुळे तोल आणि वेळेचा अंदाज चुकतो. श्वसन चालवणाऱ्या मस्तिष्कस्तंभात हे ग्राही विरळ असल्याने अफूप्रमाणे श्वास बंद पडत नाही. नाडी मात्र वाढते. हृदयरोग्याला ते धोक्याचे.

ओढलेला गांजा काही मिनिटांत चढतो आणि दोन-चार तासांत उतरतो. प्यायलेली भांग चढायला अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत वेळ घेते. यकृतात टीएचसीचे ११-हायड्रॉक्सी-टीएचसी होते; तेही मादकच असते आणि मेंदूत सहज शिरते. नशा सहा-आठ तास, कधी त्याहून अधिक टिकते. होळीच्या थंडाईत घात होतो तो इथेच : अर्ध्या तासात काही जाणवले नाही म्हणून दुसरा पेला घेतला जातो आणि दोन्हींचा भर एकत्र येतो. शिवाय वाटलेल्या गोळीत पानांचा कस व प्रमाण सारखे नसते. मग धडधड, घबराट, उलट्या, भास. अशा माणसाला शांत जागी कुशीवर निजवावे, एकटे सोडू नये. उलटी करायला लावू नये, दारू देऊ नये. द्रव्य रक्तात गेल्यावर लिंबू-लोणच्याने ते बाहेर पडत नाही. छातीत दुखणे, शुद्ध हरपणे, किंवा लहान मुलाच्या पोटात भांग गेलेली असणे, यांपैकी काहीही असल्यास थेट रुग्णालयात न्यावे. त्या दिवशी वाहन चालवू नये.

रोजच्या सेवनाने ग्राही कमी होतात व मात्रा वाढवावी लागते. बंद केल्यावर एक-दोन दिवसांत चिडचिड, निद्रानाश, अन्नावर वासना नसणे सुरू होते. ग्राही साधारण चार आठवड्यांत पूर्ववत होतात. किशोरवयात सुरुवात आणि जास्त टीएचसी असलेला माल यांचा मनोविकृतीशी संबंध वारंवार आढळला आहे. त्यात कारण किती आणि आनुवंशिक कल किती, यावर मतभेद आहेत. टीएचसी चरबीत साठते, म्हणून नित्य सेवन करणाऱ्याच्या लघवीत त्याचे अवशेष नशा उतरल्यावरही काही आठवडे सापडतात.

१९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यातील गांजाच्या व्याख्येत फुलोऱ्याच्या शेंड्यांविना असलेली पाने व बिया येत नाहीत. भांगेचे नियमन राज्यांकडे आहे.