मत्स्यालयासाठी घरगुती जलशुद्धीकरण संच (कोकण किनारा)

मत्स्यालयासाठी घरगुती जलशुद्धीकरण संच : घरातील माशांच्या टाकीत भरण्याच्या पाण्यातून विरघळलेले क्षार, क्लोरीन व गाळ काढण्यासाठी बसविलेली यंत्रणा. व्यवहारात हा संच म्हणजे पिण्याच्या पाण्याचे व्यस्त तर्षण (आरओ; दाब देऊन पाणी क्षार अडविणाऱ्या पडद्यातून ढकलण्याची पद्धत) यंत्रच असते. थोडे फेरफार करून ते मत्स्यालयासाठी वापरतात. टाकीच्या आत चालणारा स्पंज फिल्टर किंवा टॉप फिल्टर ही निराळी गोष्ट आहे. माशांच्या उत्सर्गातून सुटणाऱ्या अमोनियाचे रूपांतर तेथील जीवाणू आधी नायट्राइटात व मग नायट्रेटात करतात. आरओ संचाचे काम पाणी टाकीत पडण्यापूर्वी संपते. दुकानांत या दोहोंची सर्रास गल्लत होते आणि आरओ बसविला की आतला फिल्टर बंद ठेवता येतो असा समज पसरतो. तसे केल्यास मासे काही दिवसांतच दगावतात.

कोकण किनाऱ्यावर हा संच लागतो की नाही, हे माशांच्या जातीइतकेच विहिरीच्या जागेवरून ठरते. सड्यावरील (खडकाळ पठारावरील) विहीर व आगरातील (किनाऱ्यालगतच्या माड-पोफळीच्या बागेतील) विहीर एकाच गावात, हाकेच्या अंतरावर असल्या तरी मत्स्यालयाच्या दृष्टीने ती दोन वेगळी पाणी आहेत.

भूजल : रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील सडे जांभ्याचे आहेत. या खडकाला ‘लेटराइट’ हे नाव फ्रान्सिस ब्यूकॅनन यांनी १८०७ मध्ये केरळातील अंगाडिपुरम येथील दगडावरून दिले. कोकणपट्टीतील जांभा सामान्यतः तृतीयक काळाच्या मध्य वा उत्तर भागातील मानला जातो. सह्याद्रीच्या माथ्यावरील जांभ्याहून तो नवा असावा, हे मत आता अधिक ग्राह्य दिसते. प्रस्तुत विषयाला महत्त्व आहे ते त्याच्या घटकांचे. कॅल्शियम व मॅग्नेशियम प्रदीर्घ काळ पावसात धुपून गेले असून मागे लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे आणि केओलिन माती एवढेच प्रामुख्याने उरले आहे. वर्षाला सुमारे २,५०० ते ३,५०० मिमी. पाऊस या सच्छिद्र दगडातून झिरपतो व झपाट्याने निघूनही जातो. त्यामुळे सड्यावरील विहिरींचे पाणी मृदू व किंचित अम्लधर्मी असते, आणि त्यातील एकूण विद्राव्य क्षार (टीडीएस) बहुधा १०० मिग्रॅ./लि. च्या आसपास किंवा त्याखाली राहतात. अशा पाण्याला आरओ लावणे म्हणजे मुळात नसलेल्या वस्तूचा शोध घेणे होय.

या पाण्याची खरी अडचण उणिवेची आहे. अमोनियाचे नायट्रेट होताना पाण्यातील क्षारता (अम्ल निष्प्रभ करण्याची क्षमता) खर्च होते : दर १ मिग्रॅ. अमोनिया-नायट्रोजनमागे कॅल्शियम कार्बोनेटाच्या हिशेबात सुमारे ७ मिग्रॅ. जांभ्याच्या पाण्यात हा साठा जेमतेम असल्याने टाकीतील पीएच हळूहळू घसरतो, जीवाणूंचे काम मंदावते आणि पाणी नितळ दिसत असतानाच मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात. यावर उपाय स्वस्त व घरगुती आहे. तिसऱ्यांचे वा अन्य शिंपले उकळून, सुकवून, जाडसर कुटून एका जाळीच्या पिशवीत फिल्टरमध्ये ठेवतात. पाणी जितके अम्ल होईल तितका शिंपला अधिक विरघळत असल्याने ही मात्रा बऱ्याच अंशी आपोआप सांभाळली जाते. जांभ्याचा दगड सजावटीसाठी टाकीत ठेवल्याने मात्र क्षारता वाढत नाही.

पुळणीलगतच्या, आगरातील व खाडीकाठच्या विहिरींची स्थिती याच्या उलट आहे. वाळूत मुरलेले पावसाचे गोडे पाणी खालच्या जड खाऱ्या पाण्यावर भिंगाच्या आकारात तरंगते. या दोहोंमधील समतोलाचा नियम गायबेन-हर्ट्‌झबर्ग या जोडनावाने ओळखला जातो : समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी जितकी, त्याच्या सुमारे ४० पट खोलीपर्यंत गोडे पाणी असते. नेदरलँड्समधील गायबेन यांनी १८८०–९० या दशकाच्या अखेरीस आणि जर्मनीतील हर्ट्‌झबर्ग यांनी १९०१ मध्ये तो स्वतंत्रपणे मांडला, असे बहुतेक ग्रंथ सांगतात. तथापि अमेरिकेतील जोसेफ ड्यूकॉमन यांनी १८२८ मध्येच न्यू जर्सीतील विहिरींच्या संदर्भात हेच तत्त्व विशद केले होते. अग्रमान त्यांना देणे अधिक न्याय्य वाटते, जरी नाव बदलण्याची शक्यता आता दिसत नाही. नियमाचा व्यावहारिक अर्थ असा की, उन्हाळ्यात पंपाने उपसा होऊन पातळी १ मी. खाली गेली, तर खारे पाणी खालून तत्त्वतः ४० मी. वर सरकू शकते. हा हिशेब एकजिनसी वाळूला लागू पडतो. कोकणात अनेक ठिकाणी वाळूखाली भेगांचा काळा पाषाण असल्याने तेथे तो ढोबळ इशारा म्हणूनच घ्यावा. शिवाय सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी यांच्या खाड्यांतून भरतीचे पाणी बरेच आत येत असल्याने समुद्र दिसतही नाही अशा वाडीतील विहीर मचूळ होऊ शकते.

समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५,००० मिग्रॅ./लि. क्षार असतात. त्यामुळे विहिरीत त्याचा केवळ २ टक्के शिरकाव झाला तरी टीडीएस ७०० नी वाढतो. हीच विहीर ऑगस्टमध्ये पुन्हा गोडी होते. पाणी एकदाच मोजून संच घ्यायचा की नाही हे ठरविणे म्हणूनच योग्य नव्हे. मे महिन्याच्या अखेरीस व भर पावसाळ्यात अशी दोन मोजमापे तरी हवीत. माशांना उंच आकड्यापेक्षा आकड्यातील अचानक बदल अधिक बाधतो.

नगरपालिकेच्या नळाचे पाणी धरणातले, म्हणजे बहुधा मृदू असते, उदा., रत्नागिरी शहराला शीळ धरणातून पुरवठा होतो. तेथे प्रश्न क्लोरीनचा असून त्याला सोडियम थायोसल्फेटाचे थेंब पुरतात.

तंत्राचा उगम : तर्षणाचे (पडद्यातून पाणी आपोआप अधिक विद्राव्य द्रव्याच्या बाजूकडे झिरपण्याचे) पहिले निरीक्षण झां-आंत्वान नॉले यांनी १७४८ मध्ये डुकराच्या मूत्राशयाच्या पडद्यावर केले, याविषयी दुमत नाही. दाब देऊन ही क्रिया उलटी फिरविण्याच्या कल्पनेचे श्रेय मात्र वादग्रस्त आहे. लॉस अँजेल्स येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात जेरल्ड हॅसलर यांनी १९५० च्या सुमारास या दिशेने काम सुरू केले. फ्लॉरिडा विद्यापीठात चार्ल्स रीड व त्यांचे सहकारी ई. जे. ब्रेटन यांनी सेल्युलोज ॲसिटेटाचा पातळ पडदा बहुतांश मीठ अडवितो, हे १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात दाखविले. परंतु त्यांच्या पडद्यातून पाणी इतके कमी झिरपे की उपयोग प्रयोगशाळेपुरताच राहिला. सिडनी लोब व भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरीराजन यांनी लॉस अँजेल्स येथे १९५९–६० च्या सुमारास असममित पडदा तयार केला : वर अत्यंत पातळ दाट थर व खाली सच्छिद्र आधार. त्यामुळे प्रवाह कित्येक पटींनी वाढला. काही लेखक रीड यांना, तर काही लोब-सौरीराजन यांना जनक मानतात. मीठ अडविणाऱ्या द्रव्याचा शोध फ्लॉरिडाचा आणि वापरण्याजोगा पडदा लॉस अँजेल्सचा, ही विभागणी उपलब्ध पुराव्याशी अधिक जुळते. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातील कोलिंगा येथे मचूळ पाणी गोडे करणारा पहिला व्यापारी प्रकल्प सुरू झाला. आजच्या घरगुती संचातील पॉलिअमाइडाचा संयुक्त पडदा जॉन कॅडॉट यांच्या १९७० च्या दशकातील कामातून आला. तो अधिक कार्यक्षम असला तरी क्लोरीनने खराब होतो. कार्बन फिल्टर मेम्ब्रेनच्या (या पडद्याच्या) आधीच का असावा, याचे कारण हेच.

भारतात घरगुती आरओ संच साधारणतः २००० नंतर सर्वत्र पोहोचले.

जोडणी : पाणी क्रमाने गाळाचा फिल्टर (दुकानी भाषेत ‘स्पन’, बहुधा ५ मायक्रॉनचा), कार्बन फिल्टर, बूस्टर पंप व मेम्ब्रेन यांतून जाते. मेम्ब्रेनमधून दोन नळ्या निघतात. एकीतून शुद्ध पाणी व दुसरीतून प्रवाह-रोधकामार्गे (एफआर) वेस्ट पाणी. माळ्यावरील टाकी नळापेक्षा ३-४ मी. उंच असली तरी तिचा दाब ०.३-०.४ बारच भरतो, म्हणून पंप टाळता येत नाही. क्षारांच्या दर १,००० मिग्रॅ./लि. मागे सुमारे ०.७ बार तर्षण दाब ओलांडावा लागतो. २,००० टीडीएसच्या मचूळ पाण्यासाठी घरगुती पंपाचा ४ ते ६ बार दाब पुरतो. समुद्राच्या पाण्याचा तर्षण दाब २७ बारच्या घरात असल्याने ते या यंत्राने गोडे होत नाही, कितीही मेम्ब्रेन एकापुढे एक जोडल्या तरी. किनाऱ्यावर हा प्रश्न हमखास विचारला जातो.

पिण्यासाठी बनविलेल्या संचातील काही भाग मत्स्यालयाला निरुपयोगी, तर काही घातक असतात. टीडीएस कंट्रोलर म्हणजे कच्चे पाणी शुद्ध पाण्यात मिसळणारा व्हॉल्व्ह. तो पूर्ण बंद करावा. मिनरल कार्ट्रिज काढावे. यूव्ही दिवा क्षारांवर काही करीत नाही, त्याला बगल दिली तरी चालते. तांब्याचे कार्ट्रिज मात्र आवर्जून काढून टाकावे. माणसाला गुणकारी म्हणून विकले जाणारे हे तांबे कोळंबी, गोगलगायी व प्रवाळ यांना अत्यल्प प्रमाणातही विषारी ठरते.

कोकणात जोडणीच्या वेळी आणखी काही गोष्टी आडव्या येतात. चिऱ्याच्या (जांभ्याच्या घडीव दगडाच्या) भिंतीत ड्रिलने पाडलेले भोक ठिसूळ कडांमुळे सैल पडते. पाण्याने भरलेल्या संचाचे वजन स्क्रूंवर सोडण्यापेक्षा सिमेंटच्या सांध्यांत ठोकलेल्या लाकडी फळीवर संच टांगणे बरे. खाऱ्या हवेत पंपाच्या ॲडॉप्टरची टोके व लोखंडी स्क्रू लवकर गंजतात. समुद्राकडील पडवी म्हणूनच टाळावी. मागील पडवी किंवा न्हाणीजवळची, उन्हापासून आडोशाची जागा चांगली. पावसाळ्यात केओलिन मातीने स्पन लवकर तुंबतो व तांबूस होतो, तेव्हा तो महिन्यांच्या हिशेबाने न बदलता रंग व प्रवाह पाहून बदलावा. विंधन विहिरीच्या पाण्यात विरघळलेले लोह असल्यास ते स्पनमधून निसटून मेम्ब्रेनवर साका धरते. असे पाणी आधी उघड्या टाकीत कारंज्यासारखे पाडून, निवळवून, वाळूतून गाळून घ्यावे लागते.

नवी मेम्ब्रेन परिरक्षक द्रव्यात ठेवलेली असते. सुरुवातीचे काही तासांचे पाणी ओतून द्यावे. संच बंद असताना क्षार पडद्याच्या शुद्ध बाजूकडे पाझरतात, त्यामुळे रोजच्या वापरातही पहिले लिटर-दोन लिटर पाणी टाकीत घेत नाहीत.

मात्रा : ताजी मेम्ब्रेन ९५ ते ९८ टक्के क्षार अडविते. निव्वळ आरओचे पाणी माशांना घालू नये. त्यात क्षारता जवळजवळ नसते आणि विरघळलेला कार्बन डाय-ऑक्साइड पडदा पार करून आलेला असल्याने त्याचा पीएच काही सांगण्याजोगा नसतो. ते झाकणाच्या पिंपात एअर पंपाने रात्रभर ढवळून मग विहिरीच्या पाण्यात मिसळतात. विहिरीचा टीडीएस ९०० व आरओचा २७ असल्यास एक भाग विहिरीचे व दोन भाग आरओचे पाणी मिळून सुमारे ३२० भरतो. गोल्डफिश, गप्पी, एंजल यांना तो मानवतो. डिस्कससाठी आणखी खाली यावे लागते. मोली तर मचूळ पाण्यातच अधिक टवटवीत राहते, आणि खाडीत मिळणारे कालुंदर (एट्रोप्लस सुरातेन्सिस) गोड्या व मचूळ दोन्ही पाण्यांत जगते. विहीर मचूळ असेल तर पाणी बदलण्याच्या खर्चापेक्षा मासे बदलणे सोपे, हा पर्याय विक्रेते सहसा सुचवीत नाहीत.

बाष्पीभवनाने घटलेले पाणी भरून काढण्यासाठी मात्र शुद्ध आरओच योग्य, कारण वाफेबरोबर क्षार जात नाहीत. सागरी टाकीत तर हे अनिवार्य आहे. समुद्र दाराशी असूनही सागरी मत्स्यालये बहुधा आरओच्या पाण्यात कृत्रिम मीठ (दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅ.) कालवून भरतात. पावसाळ्यात किनाऱ्याजवळचे पाणी गढूळ व कमी खारे असते, आणि बंदरातील पाण्यात तेलाचा तवंग असतो. समुद्री घोडे व दगडी प्रवाळ यांना १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाचे संरक्षण असून ते मालवणच्या किंवा अन्य कोणत्याही किनाऱ्यावरून आणणे गुन्हा ठरतो. जिवंत सागरी मासे पाहण्यासाठी रत्नागिरीच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्रातील मत्स्यालय उपलब्ध आहे.

वीज व वेस्ट पाणी : जून २०२० मधील ‘निसर्ग’ आणि मे २०२१ मधील ‘तौक्ते’ या चक्रीवादळांत किनाऱ्यावरील अनेक गावे दीर्घकाळ विजेविना राहिली. टाकीच्या एकदोन बदलांना पुरेल इतके तयार पाणी मे महिन्यापासूनच पिंपात साठवून ठेवणे व बॅटरीवर चालणारा एअर पंप जवळ बाळगणे इष्ट होय.

घरगुती संच एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन ते तीन लिटर पाणी वाया घालवितो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये ५०० मिग्रॅ./लि. पेक्षा कमी टीडीएस असलेल्या ठिकाणी आरओ वापरास मनाई करण्याचे निर्देश केंद्र शासनाला दिले. त्यातील चर्चा पिण्याच्या पाण्यापुरती होती. कोकणात वेस्ट पाण्याची नळी परंपरेने आगरात सोडतात. विहीर मुळात मचूळ असल्यास हे पाणी तिच्याहूनही खारे असते. माड ते सहन करतो, पोफळी व केळी करपतात.