तारेच्या चटक्याची नक्षी

मध्य ऑस्ट्रेलियात उलुरू या तांबड्या महाकाय खडकाभोवती अनंगू लोक राहतात. भटक्या संसारात त्यांच्या बायकांचं सगळं काम 'पिती' नावाच्या उथळ, लांबट लाकडी पात्रावर चाले. त्यात पाणी आणायचं, गवताचं बी पाखडायचं, बाळही निजवायचं. भरलेलं पात्र डोक्यावर घेताना खाली केसांच्या दोरीची 'मंगुरी' ठेवत, म्हणजे आपली चुंबळच. पाणी हिंदकळू नये म्हणून वर डहाळ्या टाकत. लाटेचा जोर त्यांच्यात अडकून मरतो.

पितीसाठी नदीकाठच्या तांबड्या गम झाडाचं लाकूड घेतात. हे निलगिरीच्याच जातकुळीतलं. खोडाचा किंवा मुळाचा फुगीर, बाकदार भाग हेरायचा आणि तेवढाच कापून काढायचा. पात्राचा आकार झाडानेच अर्धा घडवलेला असतो, झाडही बहुधा जगतं. उत्तरेकडचे वार्लपिरी लोक मात्र आपल्या पांगाऱ्याच्या तिकडच्या भावंडाचं हलकं, मऊ लाकूड पसंत करतात.

पात्र तासून झालं की 'वाल्का', म्हणजे नक्षी. लोखंडी तार विस्तवात लाल करायची आणि लाकडावर टेकवायची. लाकूड उष्णतेचं मंदवाहक, त्यामुळे चटका टेकवल्या जागीच राहतो आणि रेघ बारीक उमटते. साधारण 200 अंश सेल्सिअसच्या पुढे लाकडातला हेमिसेल्युलोज हा घटक फुटू लागतो आणि रंग तपकिरी होतो. 300च्या वर लाकडाचा मुख्य घटक, सेल्युलोज, तोही तुटतो. वायू धुरावाटे निघून जातात, मागे उरतो मुख्यतः कार्बन. तार निवत गेली की रेघ फिकटते, म्हणून एक तार हातात आणि दुसरी विस्तवात. ही रेघ रंगासारखी उन्हाने विटत नाही. कोळशात बुरशीला खाण्याजोगं फारसं काही उरत नाही, तेही पथ्यावरच पडतं.

आता गंमत बघा. ही तार मुळात गोऱ्या वसाहतवाल्यांबरोबर आली; त्यांनी कुरणांना कुंपणं घातली, त्यातलीच ती. 'पारंपरिक' म्हटलं की आपण हजारो वर्षं जशीच्या तशी चालत आलेली गोष्ट समजतो. कोरीवकाम तसं जुनं आहेच, पण लाल तारेची करामत त्यामानाने कालपरवाची. मला त्यात काही उणं वाटत नाही. ज्या कुंपणांनी त्यांची पाणवठ्यांची वाट अडवली, त्याच तारेने आज लाकडी सरडे, साप आणि पात्रं सजतात. 1984 पासून अनंगूंच्याच मालकीची 'मारुकू आर्ट्स' ही संस्था या वस्तू विकते.